चार आक्कांचे मास्टर

लग्नाकार्यात माझी ओळख आजही सासरच्या नावानं होत नाही. शहाद्याकडची एखादी बाई शेजारणीला कोपरानं ढोसते आणि हळूच सांगते, "हाई तिसरी आक्का शे." मग दोघी माझ्याकडे टक लावून बघतात. त्यांना माझ्यात दुसरी सापडते का, चौथी सापडते का, ते मला कळत नाही. पण अशा वेळी मला हटकून मास्टरांची आठवण येते.

मास्टर म्हणजे शिंपी. शहाद्यात जुन्या वस्तीत त्यांचं छोटं दुकान होतं. वडील, आजोबा, सगळे शिवणकामातले. शाळांचे गणवेश, बायकांचे झंपर आणि ईदच्या आधी पठाणी सूट, एवढा त्यांचा धंदा. आणि या धंद्यातून वेळ काढून त्यांनी 'आक्कानं घर' नावाची अहिराणी मालिका चौदा वर्षं चालवली. आधी ती गावच्या केबलवर लागायची, दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी. पुढे केबल गेली आणि ती लोकांच्या मोबाइलवर आली. गोष्ट साधी होती. नवरा गेलेली आक्का, तिचे तीन मुलगे, सुना, आणि त्या घराचा ओटा. त्या ओट्यावर बसून आक्का घर चालवायची.

तो ओटा आमचा. लोणखेड्याच्या पुढं आमचं गाव आहे. केळी आणि ऊस करणारं घर. स्वयंपाकघरात गुजरी, ओट्यावर आणि शेतात अहिराणी आणि पोरांच्या शाळेपुरती मराठी, अशा तीन भाषा आम्ही दिवसभर बदलत असतो. मास्टर एकदा माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या बंड्यांची मापं घ्यायला आले आणि आबा हात वर करून उभे असताना हे गृहस्थ मापं सोडून ओट्याकडेच बघत राहिले. आबांनी ओटा दिला. मी तेव्हा नवी सून होते आणि शूटिंगवाल्यांना चहा करण्यापलीकडे माझा त्या मालिकेशी काही संबंध नव्हता.

पहिली आक्का पापड लाटणारी होती. दोन-तीन वर्षं तिनं काम केलं आणि मग तिची मुलं कामाला सुरतला गेली तेव्हा तीही गेली. आता आक्काचं काय करणार, असं सगळे मास्टरांना विचारू लागले. कुणी म्हणालं, तिला देवाला पाठवा आणि परत आल्यावर नवी बाई दाखवा. कुणी म्हणालं, अपघात दाखवा. मास्टर म्हणाले की यातलं काहीही करायचं नाही. आपली आई तापात वेगळी दिसते, लग्नात वेगळी दिसते, आणि आपण तिला त्याचं कारण विचारत नाही. तेव्हा एक आक्का उठून आत गेली आणि दुसरी बाहेर आली, एवढंच दाखवायचं. आणि तसंच दाखवलं. दोन आठवडे लोक बोलले आणि तिसऱ्या आठवड्यात धाकट्या सुनेच्या भांडणाला लागले.

एका गोष्टीवर मात्र ते अडून बसायचे. बाई बदलली तरी आक्काचा झंपर बदलायचा नाही. जांभळा, चौकड्यांचा, कोपरापर्यंत बाह्यांचा. नव्या बाईच्या मापाचा नवा शिवणं त्यांना अर्ध्या तासाचं काम होतं, पण ते जुनाच उसवायचे आणि तिच्या अंगाला बसवायचे. शिवताना आत जे कापड राखून ठेवतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात. त्या झंपराला त्यांनी पहिल्याच दिवशी चांगली दोन बोटं माया सोडली होती. मालिका सहा भागांत संपेल असं तेव्हा सगळे धरून चालले होते.

त्यांच्या शूटिंगवर 'कट' हा शब्द नव्हता. चांगलं झालं तर ते नुसते मान हलवायचे. परत करायचं असलं तर म्हणायचे, "उसवा." आम्ही सगळे तोच शब्द घरातही वापरायला लागलो. भाजी खारट झाली की माझी लेक म्हणायची, आई, उसव. दुपारच्या नमाजाची वेळ झाली की ते केळीच्या बागेच्या कडेला जायचे, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा धरणारे फोटोवाले काका खाटेवर डुलकी काढायचे. मास्टरांनी स्वतःची मालिका कधीच पाहिली नाही. ती लागायची त्या संध्याकाळी ते शहाद्याच्या गल्ल्यांतून फिरायचे आणि खिडक्यांखाली थांबून घराघरातले आवाज ऐकायचे. कुठे हसू फुटलं, कुठे भांड्यांचा आवाज थांबला, ते त्यांना बरोबर लक्षात राहायचं.

दुसरी आक्का बालवाडीच्या बाई होत्या. लोकांचा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यावर. चार वर्षांनी त्यांच्या घशाचं दुखणं निघालं आणि नाशिकला ऑपरेशन करायचं ठरलं. आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्टर त्यांना भेटायला गेले तेव्हा मीही गेले होते. बाईंनी स्वतःहूनच सांगितलं की आता दुसरी कुणी बघा. मास्टर म्हणाले, "आक्का मौन धरी."

आणि आक्कानं मौन धरलं. मालिकेत मधल्या मुलानं तिच्याशी खोटं बोलल्याचं निमित्त झालं. ऑपरेशननंतर बाई परत आल्या आणि गळ्याभोवती पदर घेऊन दीड महिना त्या ओट्यावर न बोलता बसल्या. सुना रडल्या, मुलगा पाया पडला, आक्का बोलली नाही. ते भाग लागायचे तेव्हा गल्ल्यांमध्ये काहीच ऐकू यायचं नाही, असं मास्टर सांगायचे. बाईंना ज्या मानानं जायला मिळालं तसा मान मी पुढं फार थोड्यांना मिळालेला पाहिला. शेवटच्या दिवशी मास्टरांनी त्यांच्या हातात पाटी दिली आणि विचारलं, आक्कानं मौन सोडताना पहिला शब्द काय बोलावा? बाईंनी लिहिलं, 'चहा ठेव'.

तो शब्द मी बोलले.

माझी निवड कशी झाली तेही सांगायला हवं. मास्टर कुणाकडूनही संवाद म्हणवून घेत नसत. ओट्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "बशी ऱ्हावा. काही करू नका." आणि स्वतः समोर सुईत दोरा ओवत बसायचे. बायका बसायच्या आणि पदर सारखा करायच्या, हसायच्या, इकडेतिकडे बघायच्या. शहाद्याहून, तळोद्याहून सात-आठ जणी येऊन गेल्या. एका दुपारी मी त्याच ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. ताट संपलं, उन्हात डोळे मिटल्यासारखे झाले, आणि मी तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं पाहिलं तर समोर मास्टर. दोरा केव्हाच ओवून झालेला. मी तिशीची, आक्का सुनांची सासू, पण त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते आबांकडे गेले आणि सुनेला कामाला पाठवाल का, असं त्यांनी रीतसर विचारलं. आबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, घरातल्या घरातच तर आहे.

पहिले काही महिने लोकांनी मला फाडून खाल्लं. भाजीबाजारात एका बाईनं तोंडावर सांगितलं की तू आक्का नाहीस. मी रडत मास्टरांच्या दुकानात गेले. त्यांनी मशीन थांबवलं, ऐकून घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. समजूत घालणं त्यांना येत नसे. मग एकदा मी तापीकाठी प्रकाशा गावात दर्शनाला गेले होते. घाटाच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसली होती. तिनं मला हात धरून खाली बसवलं, हनुवटी उचलून पाहिलं आणि म्हणाली, "माय, किती बारीक हुई गयी तू. घरमा समदं बरं शे ना?" ती मला नवी म्हणाली नाही. जुनीच आक्का वाळली, असं तिला वाटलं. हे मी मास्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मशीनवरून पाय काढले, चष्मा उतरवला आणि म्हणाले, "आते व्हयनं काम."

पाच वर्षं मी आक्का होते. लोक वाट अडवून पाया पडायचे. सुनांची गाऱ्हाणी घेऊन खऱ्या सासवा माझ्याकडे यायच्या आणि मी आक्काच्या आवाजात सल्ले द्यायची. हळूहळू मला वाटायला लागलं की आक्का म्हणजे मीच. आणि तेव्हाच एका शूटिंगनंतर मास्टर स्वयंपाकघराच्या दारात आले. मी चहा ओतत होते. म्हणाले, "वहिनी, तुम्हले आते समदं येस. म्हनीसन थांबा."

मला वाटलं, ते कौतुक करताहेत. ते मला काढत होते.

मी खूप चिडले. सगळं यायला लागलं म्हणून काढतात, हे कुठलं शास्त्र? मी झंपर धुऊन, घडी करून कोनाड्यात ठेवला आणि ठरवलं की आता या माणसाशी बोलायचं नाही. आबा माझ्याहून जास्त चिडले. त्यातच कळलं की मास्टरांनी चौथी आक्का धडगावकडची निवडली आहे. पावरा आदिवासी समाजातली बाई, पन्नाशीची, लोणखेड्याच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करणारी. मास्टर गणवेश पोचवून धडगावहून जीपनं येत होते. जीप खच्चून भरलेली. घाटात कडेवर पोर घेतलेली एक बाई चढली आणि जागेवरून भांडण जुंपलं. तेव्हा मागच्या बाकावरच्या या बाईनं एकेकाकडे नुसतं पाहिलं, दोन शब्द बोलली, आणि चौदा माणसं मुकाट्यानं सरकली. मास्टर तिथेच विचारायला लागले की तुमचं घर कुठं, काम काय. माणसं हसली त्यांना.

आबांनी मास्टरांना बोलावून घेतलं. माझ्या सुनेला उठवून डोंगरातली बाई माझ्या ओट्यावर बसणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. बाहेर लोकही तेच बोलत होते. मोबाइलवर तर काय काय लिहीत होते ते मी इथं सांगत नाही. मास्टरांनी वाद घातला नाही. ओटा तुमचा, एवढं म्हणून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवलेलं शूटिंगचं सामान बैलगाडीत घालून घेऊन गेले. झंपर तेवढा राहिला.

तो परत द्यायला मी दुकानात गेले. मनात होतं, त्यांच्या टेबलावर टाकायचा आणि काही न बोलता परत यायचं. दुकानात बाकावर ती बाई बसली होती. मनगटात चांदीचे गोठ, हातावर गोंदण. मी आले तशी ती उठली नाही, सावरून बसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाहत राहिली. मास्टरांनी झंपर घेतला, उलटा केला आणि उसवायला लागले. आतली माया उलगडली तेव्हा माझ्या टाक्याची रेघ दिसली, तिच्या शेजारी बालवाडीच्या बाईंच्या टाक्यांची, तिच्याही आत पापडवालीची. मास्टरांनी जुनी भोकं कधी बुजवली नव्हती.

ती बाई सगळ्यांनाच तू म्हणे. मोडक्या अहिराणीत तिनं मला विचारलं, "मोठा पोऱ्या आक्कासंगे काब्र बोलत नही?"

मालिकेतला मोठा मुलगा खरंच आक्काशी बोलत नसे. येई, जेवी, जाई. त्याचं खरं कारण मला माहीत होतं. ते काम करणाऱ्या रिक्षावाल्याला संवाद पाठ होत नसत, म्हणून मास्टरांनी त्याला अबोल करून टाकलं होतं. पण आक्काच्या बाजूनं त्याचं कारण काय? पोटचा मुलगा वर्षानुवर्षं ओट्यावर येऊन न बोलता जातो आणि त्याचं कारण आईला माहीत असणारच. मी पाच वर्षं त्याला ताट वाढलं होतं आणि हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मास्टर मान खाली घालून उसवत होते. मला सगळं येतं म्हणजे काय, ते मला त्या बाकासमोर उभी असताना कळलं.

घरी येऊन मी आबांना एवढंच सांगितलं की त्या बाईनं असं असं विचारलं. मला वाटलं होतं, ते उडवून लावतील. आबा ओट्यावर बसले होते.

"हाई तिनी इचारं?" ते म्हणाले.

"हो."

"लई ये तिले अठे. मी सांगस."

तिला घेऊन यायचा निरोप मी मास्टरांना धाडला, आणि दोन दिवसांनी ते तिला घेऊन आले. सोबत फोटोवाले काका होते, पण मास्टरांनी त्यांना कॅमेरा पिशवीतून काढू दिला नाही. बाई ओट्यावर बसली, आबा खांबाला टेकून बसले. मी दारात उभी होते. आबांनी मालिकेतल्या मोठ्या मुलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि चार वाक्यांत ती आमच्या घराची गोष्ट झाली.

माझे थोरले दीर सुरतला असतात. मी या घरात आले त्याच्या पुढच्या वर्षी ते गेले. नदीकाठच्या शेतात केळी लावायची की कापूस, यावरून वाद झाला आणि आबांनी त्यांना सगळ्या गड्यांसमोर नालायक म्हटलं. ते त्याच दिवशी गेले. सणाला जाऊबाई आणि मुलं येतात, दीर येत नाहीत. घरात त्यांचं नाव निघत नाही. आबांना मालिकेतला तो अबोल मुलगा कसा दिसत होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं. शूटिंगच्या वेळी तो प्रसंग आला की आबा गोठ्याकडे निघून जात, आणि मला वाटायचं त्यांना कंटाळा येतो.

बाई हलली नाही. तिनं मान डोलावली नाही की हुंकार दिला नाही. आबांचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग तू काब्र नही बोलना?"

माझ्या सासऱ्यांना घरात कुणी असं विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. आबांनी माझ्याकडे हात केला. मला आधी कळलंच नाही. ते फोन मागत होते. मी दिरांचा नंबर लावून दिला.

पलीकडून आवाज आला तेव्हा आबांनी स्वतःचं नावही सांगितलं नाही. ते म्हणाले, "पाय कसा शे आते?"

दोन वर्षांपूर्वी दिरांचा पाय कारखान्यात मोडला होता. आबांना त्रास नको म्हणून आम्ही ती गोष्ट घरात लपवून ठेवली होती. ते सगळं त्यांना कुठून कळलं आणि इतके दिवस त्यांनी ते एकट्यानं कसं ठेवलं, कोण जाणे. दीर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आबा फक्त ऐकत होते आणि मधूनमधून हां, हां म्हणत होते.

चौथ्या आक्काचं शूटिंग पुढच्या आठवड्यात आमच्याच ओट्यावर सुरू झालं. तिची अहिराणी पावरी वळणाची होती आणि मास्टरांनी त्या भाषेला हात लावला नाही. लोकांनी शिव्या दिल्या, मग कमी दिल्या, मग तिचे शब्द बाजारात बोलायला लागले. पहिल्या भागात शेजारीण होऊन मी तिच्या पाया पडले. ते मला मास्टरांनी सांगितलं नव्हतं, मीच मागून घेतलं. दिवाळीत दीर आले. ओट्यावर बसले, आबांशी उसाबद्दल बोलले आणि दोन दिवसांनी गेले. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही, आणि आमच्या घराला तेवढं पुष्कळ होतं.

मास्टर आता नंदुरबारला लेकीकडे असतात. डोळे अधू झाले आहेत, सुईत दोरा नात ओवून देते. मी मध्यंतरी भेटून आले. मला आवाजावरून ओळखलं आणि दंडाला माप घेतल्यासारखा हात लावून सांगितलं की वहिनी, तुम्ही एक इंच वाढलात.

फोनच्या त्या दिवशी आबा फोन घेऊन घरात गेले. मास्टर अंगणाच्या टोकाला पाठ करून उभे होते, आमच्याकडे न बघता. मी त्यांच्याजवळ गेले. इतकी वर्षं हा माणूस आमच्या ओट्यावर येत होता, त्याला सगळं माहीत होतं का, ठरवून त्यानं हे केलं का, ते मला विचारायचं होतं, आणि मी विचारलं.

मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते खरोखरच गोंधळलेले होते.

"माले काय मालूम, वहिनी," ते म्हणाले. "मी तं आक्का धुंडी ऱ्हायंतू."